कौतिकमावशीचा आवाज

गेल्या महिन्यात पुण्याहून एका मुलीचा फोन आला. मूकपटांत काम केलेल्या बायकांवर ती काहीतरी लिहीत होती. कुठल्याशा जुन्या मासिकात तिला एक फोटो सापडला होता, खाली नाव होतं 'मिस केतकी'. या बाई पुढं आमच्या शहरात राहत होत्या, एवढं तिला कुणाकडून तरी कळलं होतं.

"त्यांचा एकही सिनेमा आज शिल्लक नाही," ती म्हणाली. "पण रेडिओवर त्यांची मुलाखत झाली होती म्हणे. तुम्ही तेव्हा तिथं होतात ना? त्यांचा आवाज कुठं मिळेल का?"

मी म्हणालो, नाही. कुठंच नाही. ते खरंच होतं. तिनं आभार मानून फोन ठेवला. का नाही, हे तिनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पण मला सत्तरावं लागलंय. सांगायचं तर आता सांगून टाकायला हवं.

मिस केतकी हे सिनेमा कंपनीनं ठेवलेलं नाव. आईबापांनी ठेवलेलं नाव कौतिक. औरंगपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत सगळे तिला कौतिकमावशी म्हणत. मी नुकताच रेडिओत लागलो होतो. मुकुंदवाडीच्या घरून पहाटेची ड्यूटी गाठणं जमेना, म्हणून सुगराबींच्या घरात माडीवरची खोली घेतली होती. सुगराबी घरमालकीण, एकट्याच राहायच्या, दिवसभर पान. अंगणापलीकडच्या खोलीत मावशी. तेव्हा ती सत्तरीला टेकलेली. जवळच्या एका टॉकीजमध्ये बायकांच्या बाल्कनीच्या दारावर ती डोअरकीपर होती.

सडपातळ, सावळी, ताठ मानेची. नऊवारी लुगडं, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. हे ठिपके कंपनीत रोज पावडरीनं बुजवायचे, हे पुढं कळलं. चहाला बसली की ती आधी पाट फिरवून घ्यायची, म्हणजे तिचा डावा गाल आपल्याकडं यायचा. उजव्या गालावर देवीचे व्रण होते. पन्नास वर्षांपूर्वी कंपनीत कुणीतरी डावा गालच पुढं ठेवायला सांगितलं होतं, तेव्हापासून तिनं उजवा गाल कुणाला समोरून दाखवला नव्हता.

बोलायची फार थोडं. भाजीवालीशी भाव करायचा तर वांगं उचलून त्याच्याकडं अशा नजरेनं बघायची, की ती बिचारी आपणहून भाव उतरवायची. टॉकीजमध्ये कुणी बाई सिनेमा चालू असताना गप्पा मारू लागली, तर मावशी तिच्यावर बॅटरी टाकायची नाही. बॅटरी स्वतःच्या तोंडावर धरायची आणि एक भुवई वर करायची. अख्खी ओळ गप्प. सुगराबी सांगायच्या, "बच्चेवाली औरतां भी डरतीं उसको."

शिकल्यासवरल्या माणसापुढं तर ती तोंडच उघडायची नाही. मी रेडिओतला म्हटल्यावर पहिले दोन महिने माझ्याशी नुसत्या मानेनं बोलली. तिचं बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं ते माझ्या आईमुळं.

आई एका रविवारी मुकुंदवाडीहून सिनेमा बघायला आली होती. मी तिला आणायला टॉकीजवर गेलो. मध्यंतरानंतर आतलं यंत्र बिघडलं आणि आवाज गेला. चित्रं हलत होती, तोंडं हलत होती, ऐकू काहीच नाही. खाली पुरुषांनी शिट्ट्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं. वर बाल्कनीत मात्र शांतता होती. मी जिन्यात उभा राहून ऐकलं. एक जाड, कोरडा, उन्हात वाळवल्यासारखा आवाज बोलत होता.

"आता बघा, ती रडायली, पन खोटं. डोळा वल्ला नाय तिचा. सासूला ठाव हाय ते. सासूचा गाल बघा. तोंड बोलतं ते खोटं असतंय बायांनो, गाल बोलतो ते खरं."

आवाज परत आला तेव्हा बायकांना तो नकोसाच झाला होता. बाहेर आल्यावर आईनं विचारलं, "मावशे, तुमाला कसं कळतंय हे?"

"काम केलंय मी त्याच्यात," मावशी म्हणाली. जसं एखादी म्हणते, मी तिकडं कापूस वेचलाय.

त्या दिवसापासून आई दर रविवारी यायला लागली, सिनेमा असो नसो. दोघी अंगणात बसायच्या. मावशी पैठणकडची, आईचं माहेर गंगाकाठचंच. दोघींचं 'कवा', 'तवा', 'मव्हं', 'तुव्हं' एकदा सुरू झालं की संपायचं नाही. मी माडीवरून ऐकायचो. मात्र खिडकी अर्धी लावून घ्यायचो. त्याचं कारणही सांगायला हवं. ती बोली घालवायला मी चार वर्षं घालवली होती. कॉलेजात असताना मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकावर बसून, गाडी धडधडत जाताना मी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचो, म्हणजे कुणाला ऐकू जाऊ नये. आमच्या वस्तीतून, बुद्धविहाराच्या अंगणात अभ्यास करून रेडिओत गेलेला मी पहिला. तरी पहिल्या आठवड्यात तोंडून 'पानी' गेलंच, आणि बाजूच्या खोलीतून कुणीतरी हसलं. कोण, ते दिसलं नाही. हसणं मात्र अजून ऐकू येतं.

मावशीची गोष्ट मला अशी खिडकीतून, तुकड्यातुकड्यानं कळली. पुढं मी खाली जाऊन बसायला लागलो, तेव्हा तिनं माझ्यादेखत बोलायलाही हरकत घेतली नाही. मी आईचा मुलगा म्हणून.

दुष्काळात ती मुंबईला आपल्या मावशीकडं गेली. ती मावशी गिरणीत कामाला. शेजारची एक बाई सिनेमा कंपनीत गर्दीत उभी राहायला जायची, तिच्याबरोबर ही गेली. गर्दीतल्या बायकांना रडायला सांगितलं होतं. सगळ्या ऊर बडवून रडल्या, ही नुसती उभी राहिली आणि हिच्या एका डोळ्यातून पाणी आलं. साहेबानं बोट दाखवून हिला पुढं बोलावलं. दोन वर्षांत ती राणी झाली, मग देवी झाली, मग घोड्यावर बसणारी दरोडेखोरीण.

"एका डोळ्यानं कसं रडता येतं?" मी विचारलं होतं.

"दोनी डोळ्यानं रडलं तर बघायचं कशानं? एका डोळ्यानं रडायचं, दुसऱ्यानं समोरचा काय करायला ते बघायचं." आणि तांदूळ निवडता निवडता तिनं मान किंचित वळवली. डाव्या डोळ्यातून एक थेंब सरळ गालावर आला. उजवा डोळा कोरडा, माझ्याकडं बघून हसणारा. आईनं तिच्या पाठीत धपाटा घातला.

चित्रीकरणात मनाला येईल ते बोलायची मुभा होती. वनवासाला निघालेल्या राजाच्या पाया पडताना तिनं हिरोला सांगितलं होतं, "तुमचं धोतर सुटायलं, मागून धरा." पुढं तोच सिनेमा तिनं तंबूत बघितला. त्या जागी पडद्यावर पाटी आली. तिला वाचता येत नव्हतं. शेजारच्या माणसाला विचारलं, काय लिवलंय? त्यानं वाचून दाखवलं, "प्राणनाथ, आपल्यावाचून हा देह व्यर्थ आहे." मावशी म्हणायची, "मी म्हनलं, बया, हे म्या कवा म्हनलं?"

मग बोलपट आले. कंपनीनं आवाजाचं यंत्र आणलं आणि एकेकाची परीक्षा घेतली. मावशीला वाक्य दिलं होतं, 'मी पाणी आणते, नाथ.' ती म्हणाली, "मी पानी आनते, नाथ." सगळी कंपनी जमली होती. आधी एक माणूस हसला, मग सगळे.

"शेठबी हसले," ती म्हणाली. "पाच वर्सं ह्याच तोंडानं त्याहीला रडवलं व्हतं. तोंड उघडलं अन् समदे हसले."

कंपनीचा शेठ माणूस वाईट नव्हता. त्यानं तिच्यासाठी एक शास्त्रीबुवा ठेवला. तीन महिने ती 'ण' म्हणत बसली. "नाक सुजलं, पन ण काय निघना." मग मुक्या मुलीचं एक काम मिळालं, मग दासीचं, मग काहीच नाही. परीक्षेत घेतलेला तो आवाज यंत्रावर वाजवून बघितला तेव्हा तिला बाहेर उभं केलं होतं. आतून हसणं ऐकू आलं. आपला आवाज कसा आहे, ते तिला कळलंच नाही.

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात आलं, हिला रेडिओवर आणायचं. रेडिओतल्या आमच्या साहेबांना विचारलं, ते खूश झाले. मावशी मात्र ऐकेना. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी रोज विषय काढायचो. एके दिवशी तिनं चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "हसनार नाय ना कोनी?"

"कोणी हसणार नाही, मावशी. माझा शब्द."

"मंग येते."

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी ती रिक्षातून उतरली तेव्हा दारावरचा शिपाई उठून उभा राहिला. जांभळं इरकल, केसात शेवंती, तोंडावर पावडर, हनुवटीवरचे ठिपके बुजवलेले. रेडिओवर चेहरा दिसत नाही, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. स्टुडिओत आल्यावर तिनं मायक्रोफोनभोवती एक चक्कर मारली आणि मला विचारलं, "कोन्या अंगानं बसू?"

चाळीस मिनिटं ती बोलली. मी दोनच प्रश्न विचारले असतील. धोतराचं सांगितलं, शास्त्रीबुवाचं सांगितलं, हसलेल्या माणसांचं सांगितलं. काचेपलीकडं मुद्रण करणारा आमचा माणूस एरवी विडी ओढायला निघून जायचा. तो टेबलावर कोपरं टेकून बसून होता. संपल्यावर मावशीनं विचारलं, "मला ऐकायला भेटंल का?" पुढच्या मुद्रणाची वेळ झाली होती. मी म्हटलं, "रविवारी रेडिओवर ऐका ना. सगळ्यांना घेऊन ऐका."

दुसऱ्या दिवशी मी टेप कापायला बसलो. पंधरा मिनिटांचा कार्यक्रम करायचा होता. दार उघडं होतं. आमचे एक ज्येष्ठ निवेदक जाता जाता थांबले. टेपवर मावशी नेमकी म्हणत होती, "मी पानी आनते, नाथ." ते हसले. कुत्सित नव्हे, सहज हसले. म्हणाले, "कुठून पकडून आणलीस रे ही?" आणि निघून गेले.

एवढंच घडलं. पुढं टेप वाजत राहिला आणि मला मावशी ऐकू येईना. मला माझी आई ऐकू यायला लागली, मी ऐकू यायला लागलो. शहरभर लोक रेडिओसमोर बसून हसतायत असं वाटलं. आणि विचारतायत, हे कुणी आणलं? मुकुंदवाडीच्या त्या पोरानं. जातीवर गेला.

मी टेप बंद केला. कागद घेतला आणि मावशीचं सगळं बोलणं शुद्ध मराठीत लिहून काढलं. 'चित्रसृष्टीनं मला भरभरून दिलं', 'काळाची पावलं ओळखून मी निवृत्ती स्वीकारली', असली वाक्यं घातली. शास्त्रीबुवा गाळला. हसणारे गाळले. एका निवेदिकेकडून ते वाचून घेतलं, गोड, स्वच्छ, प्रत्येक ण जागच्या जागी. साहेबांनी विचारलं, "अहो, त्या बाईंचा मूळ आवाज का नाही घेतला?" मी म्हटलं, "टेपमध्ये खरखर आली, सर." त्यांनी विश्वास ठेवला. कोऱ्या टेपांची तेव्हा टंचाई असायची. मावशीचा टेप पुसून परत वापरायला मीच नेऊन दिला. कुणी मागितला नव्हता.

मावशीला मी यातलं काही सांगितलं नाही. चार दिवस हातात होते. रोज दोनदा तिच्या दारावरून जात होतो.

रविवारी मी मुद्दाम ड्यूटी मागून घेतली. अंगणात काय झालं, ते आईनं सांगितलं. सुगराबींनी रेडिओ बाहेर आणून खाटेवर ठेवला होता. गल्लीतल्या वीस-पंचवीस बाया आल्या होत्या, टॉकीजच्या तिकीटखिडकीवरचा माणूस आला होता. मावशीनं तेच जांभळं इरकल नेसलं होतं. नाव पुकारलं, बायांनी टाळ्या वाजवल्या. मग ती निवेदिका बोलायला लागली.

"आमी वाट बघायलो," आई म्हणाली. "वाटलं, ही बाई आधी वळख सांगती, मंग मावशी बोलंल. आता बोलंल, आता बोलंल. सुगराबीनं तर बटन फिरवलं, टेसन चुकलं म्हनून."

मावशी सुगराबींना म्हणाली होती, "राहू द्या. मीच हाय ती." आणि शेवटपर्यंत डावा गाल रेडिओकडं करून बसून राहिली. संपल्यावर तिनं सगळ्यांना चहा दिला. चहा आधीच केलेला होता.

आईनं हे सांगितलं. मग म्हणाली, "उद्या मला बोलवलं असतं, तर मव्ह्या जागी कोन बोललं असतं रे रतन?"

मी दोन दिवसांनी मावशीकडं गेलो. तिनं पाट दिला.

"बाई चांगली बोलली," ती म्हणाली. "लिवलं कोनी?"

"मी."

"चांगलं लिवलं." मग विचारलं, "हसलं व्हतं का कोनी?"

मी खाली बघत राहिलो. तिनं मान हलवली, स्वतःशीच. रागावली असती तर बरं झालं असतं. उलट म्हणाली, "त्यो मव्हा टेप असंल ना तिथं? सुगराबीच्या जावयानं सौदीहून मशीन आनलंय. एकडाव ऐकते. रेडिओवर नगं, इथंच. मला बघायचंय तरी, कसा हाय ते."

"आणतो," मी म्हणालो.

यापेक्षा मोठं पाप मी आयुष्यात केलं नाही. आधीचं भीतीनं झालं होतं, हे शांत डोक्यानं केलं. आठ दिवसांनी तिनं विचारलं, मी म्हटलं, साहेब रजेवर आहेत. पुढं म्हटलं, कपाटाची किल्ली सापडत नाही. दोन-तीन महिने असे गेले. ती अंगणात दिसली की मी जिन्यावरून परत वर जायचो. शेवटी ड्यूटीचं निमित्त काढून मी खोली सोडली आणि छावणीकडं राहायला गेलो. सामान हलवताना ती दारात उभी होती. तिनं टेपचं काढलं नाही. माझी पाण्याची कळशी मी विसरलो होतो, ती आणून रिक्षात ठेवली.

सात-आठ वर्षं मी त्या गल्लीत पाऊल ठेवलं नाही. दरम्यान मावशीनं टॉकीजचं काम सोडलं. भाचीच्या नवऱ्याला वाळूजला कारखान्यात नोकरी लागली, त्यांनी तिला बजाजनगरला नेलं. आई अधूनमधून तिला भेटायला जायची, आणि माझ्यासमोर तिचं नाव काढायची नाही.

एकदा आईला बरं नव्हतं. ती म्हणाली, "मावशी आता लई थकली. हे लोनचं तेवढं नेऊन दे." मला कळलं, लोणच्यासाठी नाही. मी गेलो.

दुपार उतरली होती. पहिली पाळी सुटून माणसं घरी परतत होती. नवीन बांधलेल्या खोल्यांची ओळ, दारापुढं रांगोळ्या, दोरीवर कंपनीचे निळे शर्ट. मावशी दारात खाटेवर बसली होती, अंगानं अर्धी झालेली. भोवती पाच-सात बाया. कुणी मेथी निवडत होती, कुणी पोराला पाजत होती. कुणी परभणीची, कुणी जालन्याची, कुणी बीडची, नवऱ्यामागं आलेल्या. मावशी त्यांना राजाच्या धोतराची गोष्ट सांगत होती. बाया पदर तोंडात धरून हसत होत्या.

तिनं मला ओळखलं. "रतन, बस," म्हणाली, आणि गोष्ट पुढं चालू. मी उंबऱ्यावर बसलो. तासभर ती बोलली. त्या स्टुडिओत बोलली होती त्याहून किती तरी मोकळी. बाया पांगल्यावर मी म्हटलं, "मावशी, तो टेप पुसला. तेव्हाच. मीच दिला होता पुसायला."

"ठाव हाय मला. तुझ्या मायनं सांगितलं."

आईला मी कबूल केलं होतं, बऱ्याच आधी. तिनं हिला सांगितलं असेल, असं माझ्या मनात आलं नव्हतं.

"कवा?" मी विचारलं. चार वर्षं घासून पुसलेलं ते 'कवा' माझ्या तोंडून आपोआप आलं.

"तू खोली सोडायच्या आधी." तिनं लोणच्याच्या बरणीचं फडकं सोडलं, वास घेतला, परत बांधलं. "मी म्हनलं, सांगंल त्यो. लेकरू हाय, आज ना उद्या सांगंल."

तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही, माफ केलं असंही म्हणाली नाही. "चल, बस येईल तुझी," म्हणाली आणि काठी घेऊन उठली.

नको म्हणत असताना ती कोपऱ्यापर्यंत आली. पुढं दोन महिन्यांत ती गेली. आईला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. म्हणजे ते बघणं शेवटचं. मी बसमध्ये खिडकीशी बसलो आणि हात वर करायला म्हणून वळलो. ती माझ्याकडं बघत नव्हती. रस्त्यातच तिला बाजारातून येणारी कुणी शेजारीण भेटली होती. मावशीनं तिचं मनगट धरलं होतं आणि तिला काहीतरी सांगत होती. बस सुटली तेव्हा त्या बाईनं भाजीची जड पिशवी खाली ठेवली आणि ऐकत उभी राहिली.